भेटीस निघालेली पत्नी संशयित का?

डिसेंबर-जानेवारीत वसईच्या आमच्या धर्मग्रामांतून लग्नांची एकच घाई उडते. परदेशातून आलेला नवरदेव तीन आठवड्यांच्या रजेत साखरपुडा, लग्न आणि मानपान उरकून परततो आणि पाठोपाठ नववधू विवाहाचा दाखला मागावयास आमच्या कार्यालयात येते. दाखला आम्ही स्वतःच्या हाताने लिहितो, त्यावर शिक्का मारतो. आमची आजची तक्रार ह्याच कागदाविषयी आहे. कायमच्या वास्तव्याच्या अर्जास जोडला की तो पत्नीच्या बाजूचा पुरावा ठरतो. तो अर्ज प्रलंबित असताना तिने महिनाभर पतीला भेटून येण्याचा व्हिसा मागितला, की तोच कागद तिच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतो! पती तिथे आहे, तेव्हा ही बाई परत येणार कशावरून?

हा एखाद्या अधिकाऱ्याचा लहरीपणा नव्हे. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(ब) प्रमाणे व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहावयास निघाला आहे, असे आधीच गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्याने पटवून द्यावयाचे. प्रलंबित अर्जामुळे भेटीचा मार्ग कायद्याने बंद होत नाही, हे खरे. परंतु जिने राहण्याची इच्छा स्वतःच लिहून दिली आहे, तिने काय पटवून द्यावे? नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाही; ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला ती आहे, म्हणून तिची रांग आणखी लांबते.

योगायोग असा, की त्याच १९५२ साली पोप बारावे पायस ह्यांनी 'एक्सुल फामिलिया' हे पत्र प्रसिद्ध केले आणि इजिप्तला गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हा प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाचा आदर्श म्हणून जगापुढे ठेवला. एकाच वर्षी राज्याने परक्याकडे संशयाने पाहिले आणि ख्रिस्तसभेने त्याच्यात योसेफ आणि मरिया पाहिली. १९८३ साली व्हॅटिकनने काढलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत, स्थलांतरित कामगाराचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे, हा त्याचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. कृपा म्हणून नव्हे.

कोणी म्हणतील, प्रत्येक देशाला आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे. आहेच, आम्ही तो नाकारीत नाही. आमचा आक्षेप दुटप्पीपणावर आहे. १९९० च्या दुरुस्तीने त्याच अमेरिकेने कुशल कामगाराला आणि कंपनीच्या बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्याला ह्या गृहीतकातून मोकळे केले. कामासाठी येणाऱ्याच्या मनात दोन हेतू असलेले चालतात. पतीला भेटावयास येणाऱ्या पत्नीच्या मनात मात्र चालत नाहीत! कॅनडाचा कायदा अधिक समंजस आहे. कायमचे राहण्याची इच्छा असली तरी, ठरल्या मुदतीत परतण्याची खात्री पटल्यास भेटीची परवानगी देता येते, असे तो सांगतो. मे २०२३ मध्ये तर तेथील सरकारने अशा पती-पत्नींचे भेटीचे अर्ज बहुतांशी ३० दिवसांत निकाली काढण्याचे जाहीर केले. म्हणजे इच्छा असली तर हे करता येते. शिवाय जिने शुल्क भरून, कागद जोडून सरळ मार्ग धरला आहे, ती मुदत मोडून स्वतःच्याच अर्जावर धोंडा का पाडून घेईल?

'मग पतीनेच यावे,' असा सल्ला आम्ही ऐकतो. नव्या नोकरीत वर्षाकाठी दोन-तीन आठवड्यांची रजा आणि तिकिटाचा खर्च. तेवढ्यावर संसार उभा राहतो काय? अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात नवविवाहिताला वर्षभर युद्धावर न धाडण्याची आज्ञा आहे. युद्ध थांबू शकते, तर फाईल थांबू शकत नाही?

आता थोडे घरचे बोलू. 'लग्न झाल्याचे लिहू नकोस, मावशीकडे जाते म्हणून सांग,' असे सांगणारे दलाल आणि नातलग आमच्याच गावांत आहेत. ज्या विवाहाला वेदीपुढे साक्षी उभे केले, तो खिडकीपुढे नाकारावयाचा? हे पाप तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. अमेरिकेच्या अर्जात, तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे काय, असा सरळ प्रश्न असतो. खोटे उघड झाल्यास तेथील दार कायमचे बंद होऊ शकते. कॅनडात पाच वर्षे. तेव्हा खरे लिहावे. नोकरीचे रजापत्र, परतीची तारीख, घरच्या जबाबदाऱ्या ह्यांचे पुरावे जोडावे आणि नकार आला तरी मान ताठ ठेवावी.

आणि आम्ही धर्मगुरू? 'बाळ, धीर धर,' एवढे म्हणून आम्हीही सुटका करून घेतली आहे, हे कबूल केले पाहिजे. पती-पत्नींनी एकत्र राहणे हे त्यांचे कर्तव्य आणि हक्कही आहे, असे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचे ११५१ वे कलम सांगते. हे कलम आम्ही विवाहपूर्व शिबिरात शिकवतो. पण ह्या रांगेची लांबी सांगत नाही. साखरपुड्याआधीच दोन्ही घरांना ती सांगितली पाहिजे. आणि आमच्या बिशपांनी त्या देशांतील बिशपांच्या साहाय्याने त्यांच्या सरकारांना विचारले पाहिजे: आम्ही शिक्का मारून दिलेला दाखला तुम्ही खरा मानता ना? मग त्याच्यामुळेच पत्नीला दारातून परत का पाठवता?