‘कशानं गेला?’ हे विचारायचा हक्क कुणाचा?



जिल्ह्याचा कोणताही पेपर उघडा आणि निधनवार्ता वाचा. ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’, ‘वृद्धापकाळाने’, ‘अकस्मात’. ठरलेले चार शब्द. अल्पसा आजार म्हणजे कोणता, हे कोणी विचारत नाही. घरच्यांनी सांगितले तेवढेच छापतात. मयताच्या दाराला पडदा असावा, ही रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दाराला मात्र हा पडदा नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की माती व्हायच्या आधीच पारावर चौकशी बसते. पीत होता काय? घरात भांडण होते काय? मागाहून पोलीस, तलाठी आणि पेपरवाले येतात. २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला १ लाखाची मदत ठरली. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ती मिळवायची तर विधवेने दाखवायचे, की जमीन कुटुंबाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते, आणि ते थकले होते. बिनपरवान्याच्या सावकाराचे कर्ज कागदावर नसतेच. मग प्रकरणावर शेरा पडतो, ‘अपात्र’. आणि गाव म्हणते, “पाहा, कारण वेगळंच होतं.” मदतीच्या कागदावरचा शेरा मेलेल्या माणसाच्या अब्रूवर जाऊन बसतो.

यात आमचेही हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कार्यकर्त्याची श्रद्धांजली छापली. त्यात कर्जाचा आकडा होता, वसुलीची नोटीस होती, तो कसा गेला तेही होते. सरकारला जाब विचारायचा होता, म्हणून घरच्यांना विचारायचे आम्हाला सुचले नाही. तेरवीनंतर भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “भाऊ, तुमी त्याईच्या कर्जाचा आकडा छापला. दुष्काळात त्याईनं चार घरी ज्वारीचं बियाणं देलं, थे नाही छापलं. आता पोराले शाळेत त्या आकड्यानं वयखतात.” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग सगळेच झाकून ठेवायचे काय? तसेही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या नावापुढे ‘अल्पशा आजाराने’ एवढेच लिहिले असते तर ना चौकशी झाली असती, ना पुढच्या फवारणीवाल्याने तोंडाला फडके बांधले असते. ही विषे कातडीतूनही अंगात भिनतात, हे आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला मात्र ते कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जे कारण शेजाऱ्याचा जीव वाचवते, ते गावाचे आहे. जे कारण फक्त पारावरची उत्सुकता भागवते, ते त्या घराचे आहे.

फवारणीची विषबाधा, वीज पडणे, सर्पदंश, मोटारीचा शॉक, अशा मृत्यूचे कारण लपवू नका. ते पंचनाम्यात आणि पोस्टमार्टेमच्या अहवालात नीट नोंदवून घ्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत २ लाख रुपये आहेत, आणि ते याच कागदांवर मिळतात.

आत्महत्येची गोष्ट वेगळी. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्रांना सांगितले, की आत्महत्येची बातमी ठळक छापू नका, पद्धतीचे वर्णन करू नका. आम्हाला हे पटते. तेच कर्ज आणि तीच नापिकी डोक्यावर असलेला दुसरा शेतकरी आपले पत्रक वाचत असतो. त्याला आपण वाट दाखवायची नाही. शिवाय माणूस एका कारणाने जात नाही. पीक, भाव, कर्ज, दुखणे, एकटेपणा, सगळ्यांची मोळी होते. त्यातली एकच काडी ओढून ‘हे कारण’ म्हणणे खोटे आहे. ती काडी सरकारने ओढली तरी खोटे, आणि आम्ही ओढली तरी खोटे.

कोणी म्हणेल, अशाने आंदोलनाचा पुरावा जाईल. जाणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्यांच्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या. त्यातल्या ४ हजारांहून अधिक आपल्या राज्यातल्या. सरकारला जाब विचारायला हा आकडा पुरे आहे. त्यासाठी एखाद्या पोराच्या बापाचे नाव आणि फोटो फलकावर लावायची गरज नाही.

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. श्रद्धांजलीचा मजकूर आधी घरच्यांना वाचून दाखवायचा. कारण लिहायचे की नाही, ते त्यांनी ठरवायचे. कसा गेला हे छापायचे नाही, कसा जगला हे छापायचे. आणि घरचे स्वतःहून बोलायला उभे राहिले, तर त्यांच्या पाठीशी सगळ्यांनी उभे राहायचे.

तोवर एवढे करा. मातीला गेलात तर ‘कशानं गेला?’ विचारू नका. ‘यंदा वावर कोण पेरणार?’ एवढे विचारा आणि तिफण घेऊन जा. आणि कोणी गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येते. मेल्यावर शंभर जण चौकशीला येतात. जिवंत असताना एकाने केली तरी पुष्कळ.