बुजरेपणाला रोग ठरवले काय?

सामाजिक चिंताविकार ही स्वतंत्र व्याधी नसून बुजऱ्या स्वभावाला वैद्यकाने चिकटवलेले भारदस्त नाव आहे, असा आक्षेप पाश्चात्त्य विचारविश्वात दीर्घकाळ घेतला जात आहे, आणि तो घेणारे अभ्यासक उथळ नसल्यामुळे त्यांचा पूर्वपक्ष आधी पूर्ण बळानिशी मांडणे आवश्यक ठरते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार ‘सामाजिक भयगंड’ या नावाने १९८० साली प्रथम दाखल झाला. १९८७ च्या सुधारणेत बहुतेक सर्व सामाजिक प्रसंगांची भीती बाळगणाऱ्यांसाठी वेगळा उपप्रकार जोडला गेला आणि व्याख्येचा परीघ वाढला. पॅरॉक्सेटीन या औषधाला अमेरिकेत या विकारासाठी १९९९ साली मान्यता मिळाली, आणि त्यानंतरच्या जाहिरातमोहिमेने जणू माणसांचीच ॲलर्जी असल्यासारखे या विकाराचे चित्र रंगवले. हीच कहाणी ख्रिस्तोफर लेन यांनी २००७ च्या ग्रंथात मांडली आणि स्वभावाची एक छटा आजारांच्या यादीत कशी गेली, असा सवाल केला.

या पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आधार मात्र जाहिरातींत नसून आकड्यांत आहे. कॅनडातील विनिपेग शहरात ५२६ व्यक्तींच्या दूरध्वनी-पाहणीवर आधारलेला मरे स्टाइन आणि सहकाऱ्यांचा लेख १९९४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्रास किंवा हानी किती असली म्हणजे विकार म्हणायचे ही मर्यादारेषा हलवताच विकारग्रस्तांचे प्रमाण १.९ टक्क्यांपासून १८.७ टक्क्यांपर्यंत बदलते, असे त्यात आढळले. ज्या व्याधीची व्याप्ती मोजणाऱ्याच्या इच्छेनुसार जवळजवळ दहापट होते, ती व्याधी निसर्गात आहे की पुस्तिकेत, असा प्रश्न त्यावरून कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

तथापि या प्रश्नातून आक्षेपकांचा निष्कर्ष निघत नाही. विकार बाजारासाठी घडवला गेला, हे म्हणणे कालक्रमापुढेच टिकत नाही, कारण पिएर जाने यांनी सामाजिक प्रसंगांच्या भयाचा वेगळा गट १९०३ साली नोंदवला होता आणि आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी लंडनमध्ये १९६६ साली, निरनिराळे भयगंड कोणत्या वयात सुरू होतात याच्या आधारे, सामाजिक भय इतर भयांपासून वेगळे काढले होते. पॅरॉक्सेटीन ज्या औषधवर्गात मोडते त्यातील फ्लुऑक्सेटीन अमेरिकेत मान्य झाले ते त्यानंतर दोन दशकांनी. शिवाय इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१३ साली या विकारासाठी प्रौढांना प्रथम औषध नव्हे, तर वैयक्तिक बोधनिक-वर्तन उपचार, म्हणजे विचार व वर्तनाच्या सवयी बदलण्याची संवादाधारित पद्धत, द्यावी असे सांगितले. कंपन्यांनी व्याधीचा व्यापार केला हे खरे, आणि तो निषेधार्हही आहे. परंतु व्यापार झाला एवढ्यावरून व्याधी खोटी ठरत नाही.

बुजरेपणा आणि विकार एकच, हे म्हणणेही पुराव्याला धरून नाही. अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक किशोरवयीनांच्या पाहणीवरील २०११ च्या अभ्यासात स्वतःला लाजाळू म्हणवणाऱ्यांपैकी केवळ सुमारे १२ टक्के मुले-मुली विकाराच्या निकषांत बसली, आणि लाजाळू नसलेल्यांतही काही जण बसले. राहिली मर्यादारेषेची अनिश्चितता. रक्तदाब हा अखंड चढत जाणारा आकडा असून अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आणि एका निर्णयासरशी रुग्णसंख्या वाढली. म्हणून उच्च रक्तदाब काल्पनिक आहे असे कोणी म्हणत नाही. रेषा माणसांनी आखलेली असते, तिच्या पलीकडची हानी माणसांनी रचलेली नसते.

ती हानी ओळखण्यासाठी व्याख्या नेमके काय मागते, हे पाहिले म्हणजे आक्षेपाचे मूळ सापडते. इतर लोक आपले निरीक्षण करतील अशा प्रसंगी, आपल्या वागण्यातून किंवा चिंतेच्या खुणांतून आपली नालस्ती होईल अशी तीव्र भीती. ती जवळजवळ प्रत्येक वेळी उद्भवणे. ते प्रसंग टाळणे किंवा अतोनात यातनेने निभावणे. हे सहा महिने किंवा अधिक काळ चालणे. आणि त्यातून लक्षणीय त्रास किंवा शिक्षण, नोकरी, नातेसंबंध यांची हानी होणे, या गोष्टी २०१३ ची निदानपुस्तिका एकत्रितपणे मागते. चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडणाऱ्या परंतु बोलून मोकळ्या होणाऱ्या माणसाला ती विकारग्रस्त ठरवत नाही. हानीचा शोध मात्र वरवर घेऊन चालत नाही. डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली दाखवले की असे रुग्ण प्रसंग निभावण्यासाठी ‘सुरक्षावर्तने’ योजतात, म्हणजे वाक्ये मनात घोकून ठेवतात, हात थरथरू नये म्हणून पेला घट्ट धरतात, नजर चुकवतात. त्यामुळे बाहेरून सुरळीत दिसणारा माणूस आतून पुरता पिळवटलेला असू शकतो.

या निकषांत एक अट सर्वाधिक जोखमीची आहे आणि आक्षेपकांनी नेमके तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाच्या मानाने अवाजवी असली पाहिजे, अशी ती अट असून पूर्वी प्रौढ रुग्णाला स्वतःलाच ती अवाजवी वाटावी लागे. २०१३ पासून हा निवाडा तपासणाऱ्याकडे आला. महाराष्ट्रातील एखाद्या वसतिगृहात आडनाव कळताच ज्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते अशा दलित विद्यार्थ्याची वर्गात बोलण्याची धास्ती अवाजवी म्हणणे, हा धोका दृष्टीआड करून धोक्यात असलेल्यालाच रोगी ठरवण्याचा प्रकार होईल. आणि उलट, घरात मर्यादशील म्हणून जिचे कौतुक होते त्या मुलीने केवळ तोंडी परीक्षेच्या भयाने पदवी अर्धवट सोडली, तर संस्कृतीचा हवाला देऊन तिचा विकार नाकारणे हाही तितकाच अन्याय होईल. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजाराचे निश्चितीकरण मान्य वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे आणि समाजाच्या मूल्यांशी न जुळणे हा त्याचा आधार असू नये, असे बजावले आहे, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

म्हणून समर्थन करायचे ते प्रश्नावलीचे नव्हे, सविस्तर मुलाखतीचे. मायकेल लिबोविट्झ यांची १९८७ ची २४ प्रसंगांची मापनश्रेणी तीव्रता मोजते, निदान करत नाही. घराबाहेर न पडणाऱ्या तिघांपैकी एकाला गर्दीत भीतीचा झटका येऊन सुटका न होण्याचे भय असेल, दुसऱ्याचा नैराश्याने सगळ्यातला रसच आटला असेल, तिसऱ्याला लोकांच्या नजरेचे भय असेल, आणि श्रेणीवरील गुण तिघांचेही चढे येऊ शकतील. कारण वेगळे काढायचे तर प्रत्येकाला तो नेमके कशाला भितो, केव्हापासून भितो, त्यापायी काय सोडून दिले, आणि ज्याला भितो ते त्याच्याबाबतीत खरोखर कधी घडले आहे काय, हे विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे लागते.