अवघड पित्ताशय आणि थांबण्याचे शहाणपण

‘डॉक्टरसाहेब, दुर्बिणीने करणार म्हणाला होतात. मग एवढा मोठा चिरा कशाला?’ ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाचा हा प्रश्न मला नवा नव्हता. त्याच्या साठीच्या आईला मधुमेह होता आणि आठ महिन्यांत पोटदुखीचे चार मोठे झटके येऊन गेले होते. दुर्बिणीने सुरुवात केली तेव्हा पित्ताशय, यकृत, चरबी आणि शेजारचे आतडे असे सगळे एकमेकांना चिकटून दगडासारखे घट्ट झाले होते. अर्धा-पाऊण तास प्रयत्न केला, पुढचे नीट दिसेना, म्हणून पोट उघडले. आई सुखरूप होती. पण मुलाच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याची भावना स्पष्ट होती. ‘ऑपरेशन बिघडले’ असेच त्याला वाटत होते.

त्याच सुमारास बत्तिशीतली एक बाई आमच्याकडे दाखल झाली. दुसऱ्या ठिकाणी तिचे दुर्बिणीने ऑपरेशन झाले होते. पोटावर चार छोटी छिद्रे, दुसऱ्या दिवशी घरी. नातेवाईक खूश होते. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले, पोट फुगले, ताप आला. तपासणीत कळले की पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाच कापली गेली होती. पुढचे चार महिने ती पोटात नळी घेऊन फिरली. मग एक मोठे ऑपरेशन झाले. या काळात तिचा लहान मुलगा मावशीकडे राहिला आणि घरातली बचत संपली.

पहिल्या ऑपरेशनला घरच्यांनी अपयश म्हटले, दुसऱ्याला सुरुवातीला यश म्हटले. पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल समाजात आणि थोडा आम्हा डॉक्टरांतही असलेला हा गैरसमज दूर करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पोटावरचा चिरा किती मोठा, यावर ऑपरेशनचे यश ठरत नाही. मुख्य पित्तनलिका शाबूत राहिली का, यावर ते ठरते.

चूक कुठे होते?

पित्त यकृतात तयार होते. तिथून ते मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्यात येते. या नळीला बाजूने एक छोटी पिशवी जोडलेली असते, ते पित्ताशय. पित्त साठवणे आणि घट्ट करणे एवढेच त्याचे काम. ते काढले तरी पित्त थेट आतड्यात येत राहते आणि बहुतेकांचे पचन नीट चालते. मुख्य नळीचे मात्र तसे नाही. तिला पर्याय नाही. निरोगी माणसात ती पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. पित्ताशयाची छोटी नळी तिला जिथे मिळते, तिथेच यकृताची रक्तवाहिनीही जवळून जाते. सगळे धोके या दोन-तीन सेंटिमीटरच्या त्रिकोणात आहेत.

खड्याने पित्ताशयाचे तोंड बंद झाले की ते सुजते. एकदा सुजून बरे झालेल्या जागी ऊती आकसतात आणि चिकटतात. पुन्हा झटका आला की आणखी आकसतात. शेवटी पित्ताशयाची मान मुख्य नळीला ओढून घेते आणि कापायची नळी कोणती, वाचवायची कोणती, हेच कळेनासे होते. कधी मोठा खडा बाहेरून मुख्य नळीवर दाब देऊन कावीळ करतो. अर्जेंटिनाचे सर्जन पाब्लो मिरिझी यांनी १९४८ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. क्वचित खडा पित्ताशयाची भिंत झिजवून थेट आतड्यात उतरतो, लहान आतड्यात अडकतो आणि आतडे बंद पडते. वयस्कर रुग्णात हे जिवावर बेतू शकते.

डोळ्यांना होणारा भास

पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केले. पुढची शंभर वर्षे पोट उघडूनच ते होत असे. १९८० च्या दशकात जर्मनी आणि फ्रान्समध्ये दुर्बिणीचे तंत्र आले, आणि १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे एका सरकारी रुग्णालयात, ते भारतात आणले. वेदना कमी झाल्या, रुग्ण लवकर कामावर जाऊ लागले. हा लाभ मोठा आहे आणि आजही बहुतेक रुग्णांसाठी दुर्बिणीचे ऑपरेशनच योग्य आहे.

पण त्याची एक किंमत मोजावी लागली. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये मुख्य नळीला इजा होण्याचे प्रमाण हजारात एक-दोन होते. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते चार-पाचपर्यंत गेले. आता ते खाली आले आहे, पण शून्य झालेले नाही.

या इजा कशा होतात? हात अडाणी असल्यामुळे होत असतील, असे कुणालाही वाटेल. २००३ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातल्या ९७ टक्के इजांचे मूळ कारण दृष्टीचा भास हे होते. सर्जनने मुख्य नळीलाच पित्ताशयाची नळी समजून, पूर्ण खात्रीने, ती कापली होती. हाताच्या कौशल्याची उणीव फक्त ३ टक्क्यांत सापडली. म्हणजे अनुभवी माणसाचेही डोळे फसतात, आणि फसले आहेत हे त्याला त्या क्षणी कळत नाही.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन १९५३ मध्ये लंडनमध्ये झाले. त्यात पित्तनलिकेला इजा झाली. दुरुस्तीसाठी त्यांना अमेरिकेत बोस्टनला जावे लागले. पुढे ते पंतप्रधान झाले, पण त्या इजेचा त्रास त्यांना उरलेले आयुष्य पुरला. दुर्बीण येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

थांबण्याचे चार मार्ग

भासावर उपाय एकच, तो म्हणजे खात्री झाल्याशिवाय न कापण्याचा नियम. अमेरिकन सर्जन स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग यांनी १९९५ मध्ये तो स्पष्ट शब्दांत मांडला. त्रिकोणातली चरबी आणि चिकटलेल्या ऊती साफ व्हाव्यात, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा दिसावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, दिसाव्यात. या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच कात्री लावायची.

आणि नाही दिसल्या तर? तर थांबायचे. थांबण्याचे चार प्रतिष्ठित मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या सर्जनला बोलावणे. नव्या डोळ्यांना तो भास होईलच असे नाही. दुसरा, पोट उघडणे. मात्र पोट उघडले म्हणजे धोका संपला असे नाही, चिकटलेल्या जागी तिथेही तितकेच जपावे लागते. तिसरा, पित्ताशय अर्धवट काढणे. खडे आणि बहुतेक भिंत काढायची आणि नळ्यांना चिकटलेला धोक्याचा भाग तसाच ठेवायचा. यात काही दिवस नळीवाटे पित्त येऊ शकते. ते बहुधा आपोआप थांबते, नाही थांबले तर तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट बसवावा लागतो. क्वचित उरलेल्या भागात पुन्हा खडे होतात. पण मुख्य नळी तुटण्यापेक्षा हे सारे परवडते. चौथा मार्ग, प्रकृती फारच नाजूक असेल तर ऑपरेशन न करता सोनोग्राफीच्या मदतीने कातडीतून पित्ताशयात बारीक नळी घालून पू काढणे आणि नंतर शांतपणे विचार करणे.

शिकाऊ डॉक्टरांना आम्ही ऑपरेशन कसे करायचे ते शिकवतो. कुठे सोडायचे हे शिकवायला कमी पडतो. सर्जन पोट उघडतो किंवा पित्ताशय अर्धवट सोडतो तेव्हा बाहेर उभ्या नातेवाइकांच्या रागाची आणि सहकाऱ्यांच्या कुजबुजीची भीती त्याच्या मनात असते. ही भीती त्याला आणखी थोडे पुढे जायला भाग पाडते, आणि इजा बहुतेकदा त्या ‘आणखी थोडे’मध्येच होते.

पित्ताशय अवघड कोण करते?

पित्ताशय जन्मतः अवघड क्वचितच असते. उशीर त्याला अवघड करतो. आपल्याकडे या उशिराची काही खास कारणे आहेत. मराठीत ॲसिडिटीलाही ‘पित्त’ म्हणतात. त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली येणारी, पाठीकडे किंवा खांद्याकडे जाणारी कळ ‘पित्त झालंय’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्यांवर काढली जाते. मुतखड्याप्रमाणे पित्ताचा खडाही औषधाने विरघळून पडेल, ही दुसरी समजूत. पित्ताशयाचा खडा लघवीच्या मार्गात येतच नाही, तो निसटला तर मुख्य पित्तनलिकेत जातो आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह करतो. तिसरे, कावीळ झाली की ती उतरवून घ्यायला जाणे. खड्याने नळी अडल्यामुळे झालेली कावीळ झाडपाल्याने मोकळी होत नाही. त्यात गेलेले आठ-दहा दिवस फार महाग पडतात.

सगळा दोष रुग्णांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. पित्ताशय सुजलेला रुग्ण दाखल झाला की सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन त्याला शांत करायचे आणि ‘सहा आठवड्यांनी या’ असे डिस्चार्ज कार्डावर लिहायचे, ही आम्हा सरकारी डॉक्टरांची जुनी सवय. मीही ते अनेकदा लिहिले आहे. सहा आठवड्यांनी सोयाबीनची काढणी असते, मुलीचे लग्न असते, नाहीतर आमच्याकडे तारीख नसते. रुग्ण परत येतो तो आणखी दोन झटके घेऊनच.

६१८ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखल झाल्यापासून २४ तासांत ऑपरेशन केलेल्यांची तुलना आधी औषधे देऊन काही आठवड्यांनी ऑपरेशन केलेल्यांशी केली गेली. लवकर ऑपरेशन झालेल्यांत सुमारे १२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, उशिरा झालेल्यांत ३४ टक्क्यांना. प्रकृती साथ देत असेल तर पहिल्या काही दिवसांत, त्याच मुक्कामात पित्ताशय काढावे, असे आता जगभरात सांगितले जाते. आपल्याकडे ते होत नाही याचे कारण ज्ञानाचा अभाव नाही. थिएटरची वेळ अपघात आणि सिझेरियनमध्ये जाते, भूलतज्ज्ञ कमी असतात आणि सुजलेले पित्ताशय ‘थांबू शकेल’ अशा यादीत पडते. जिल्हा आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी आठवड्यातून निदान तीन दिवस अशा रुग्णांसाठी थिएटरची एक वेळ राखून ठेवली तरी पुष्कळ अवघड पित्ताशये मुळात अवघड होणारच नाहीत. मोठ्या इजेच्या दुरुस्तीपुढे हा खर्च काहीच नाही.

इजा झालीच तर

इजा लपवणे हा इजेपेक्षा मोठा अपराध आहे. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगणे, ताप, वाढती वेदना, डोळे पिवळे होणे किंवा नळीतून हिरवट पित्त येत राहणे याला ‘गॅस’ म्हणून टाळू नये. सोनोग्राफी, रक्त तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरसीपी करावी. पोटात साचलेले पित्त बाहेर काढावे, जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा आणि या कामाचा अनुभव असलेल्या केंद्रात रुग्णाला पाठवावे. तुटलेल्या नळीची दुरुस्ती म्हणजे लहान आतड्याचा एक भाग वर आणून यकृतातून येणाऱ्या नळीला जोडणे. पहिली दुरुस्ती अनुभवी हातून झाली तर निकाल चांगले येतात. घाईने केलेली आणि फसलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला अवघड करते. पाठवणाऱ्या डॉक्टरने ऑपरेशनची खरी टिपणे, असल्यास चित्रफीतही, सोबत द्यावी. त्यात त्याची नामुष्की नाही.

आता वाचकांसाठी. सोनोग्राफीत सहज खडे सापडले आणि कसलाच त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांचा सल्ला घ्या. खड्यांमुळे एकदा जरी कळ आली असेल, तर मात्र पुढच्या झटक्याची वाट पाहू नका. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सर्जनला एवढेच विचारा, ‘आत नीट दिसले नाही तर तुम्ही काय कराल?’ ‘असे होतच नाही’ असे उत्तर आले तर दुसरे मत घ्या. ‘थांबेन, पोट उघडेन, नाहीतर अर्धवट काढून बाहेर येईन’ असे उत्तर आले, तर त्या सर्जनवर विश्वास ठेवा. आणि त्याने खरोखरच तसे केले, तर त्याच्यावर रागावू नका.

थिएटरच्या दाराशी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी खुर्चीवर बसवून कागदावर नळ्यांचे चित्र काढून दाखवले. टाके काढायला आई चालत आली, तेव्हा तो म्हणाला, ‘हे आधीच सांगितलं असतं तर त्या दिवशी भांडलो नसतो.’ त्याचे बरोबर होते. तेव्हापासून ते चित्र मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच काढतो.