साठी, बुद्धि आणि सरकारी तिजोरी

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आम्हां मराठी लोकांना वैद्याच्या निदानाहूनही प्रमाण वाटते. शहापूर-मुरबाडकडील एखादी म्हातारी चुलीवर भात ठेवून विसरली, घरची वाट चुकली, पोटच्या लेकाला ओळखेनाशी झाली, कीं ‘म्हातारचळ लागला’ एवढ्यावर प्रकरण मिटतें. ज्याला रोगच मानावयाचें नाहीं त्यासाठीं सरकारपाशीं पैसा तरी कोण मागणार?

वास्तविक स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नव्हे, मेंदूचा विकार आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें साठीपुढील सुमारें ८८ लक्ष भारतीयांना तो जडल्याचा अंदाज केला, आणि त्याचें प्रमाण शहरांहून खेड्यांत अधिक आढळलें. मोकळी हवा व एकत्र कुटुंब असलें कीं असले रोग फिरकत नाहींत, हा आमच्या सुशिक्षित बंधूंचा लाडका समज तेव्हांच निकालांत निघावयास हवा होता.

कोणी म्हणतील, जेथें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें मेंदूचें संशोधन ही चैन नव्हे काय? तानसा-भातसाचें पाणी त्याच शहापुरांतून मुंबईस नेतांना चैनीचा प्रश्न कोणीं काढला होता? शिवाय ‘लॅन्सेट’च्या आयोगानें २०२४ सालीं या रोगाचीं जीं चौदा टाळण्याजोगीं कारणें सांगितलीं, त्यांत वाढलेला रक्तदाब, बहिरेपण, उपचारावांचून राहिलेला दृष्टिदोष आणि अपुरें शिक्षण हीं आहेत. रक्तदाबाची गोळी, कानाचें यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मुलींची न सुटलेली शाळा, यांना चैन म्हणावयाचें?

संशोधनाची गरज तर आम्हांस येथेंच अधिक दिसते. तारीख विचारणें, घड्याळाचें चित्र काढावयास लावणें, या चालू परीक्षांत शाळेचें तोंड न पाहिलेली कातकरी वा ठाकूर वृद्धा नापास होणारच, मग तिची स्मृति शाबूत कां असेना! तिला तिच्या बोलींत नाचणीच्या लावणीविषयीं, म्हसा येथील जत्रेविषयीं विचारणारी कसोटी कोणी घडवावयाची? कर्नाटकांत कोलार जिल्ह्यांतील श्रीनिवासपूर तालुक्यांत बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचें मेंदू-संशोधन केंद्र खेड्यांतील माणसांची वर्षानुवर्षें तपासणी करीत आहे. केरळ सरकारनें २०१४ सालींच या रोगासाठीं योजना आरंभिली.

महाराष्ट्र सरकारनें अंदाजपत्रकांत याच्या संशोधन-प्रतिबंधासाठीं वेगळी रक्कम बांधून द्यावी; तिचा पहिला वांटा पुण्या-मुंबईच्या संस्थांऐवजीं शहापूर व मुरबाड यांना मिळावा; आणि घरोघर म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या आशा सेविकेस त्यांतून वाढीव मोबदला द्यावा, नुसतें परिपत्रक नको.