निपाह : रुग्णाची सेवा करणाऱ्यांना आधी जपा

निपाहचे नाव निघाले की चर्चा वटवाघळांभोवतीच फिरते. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोडमध्ये साथ आली तेव्हाही तेच झाले. तपासातून मात्र वेगळे चित्र पुढे आले. निश्चित आणि संभाव्य मिळून २३ रुग्ण होते. पहिला रुग्ण वगळता बाकीच्यांना लागण माणसाकडून झाली, तीही रुग्णालयांत. २१ जण दगावले.

लक्षणे काय?

ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या. सुरुवात कुठल्याही तापासारखीच असते. पुढे काहींना मेंदूज्वर होऊन गुंगी येते, झटके येतात. काहींना खोकला आणि धाप लागते. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांमार्फत आलेल्या साथीत मेंदूज्वराचे रुग्ण जास्त होते आणि माणसाकडून माणसाला लागण फारशी दिसली नाही. कोझिकोडमध्ये २३ पैकी २० जणांना श्वसनाचा त्रास होता. खोकणारा रुग्ण जास्त पसरवतो.

पसरतो कसा?

निपाह गोवरासारखा झपाट्याने पसरत नाही. रुग्णाला भरवताना, त्याचे अंग पुसताना, उशाशी बसताना थुंकी आणि खोकल्याच्या तुषारांतून तो पोहोचतो. म्हणजे जो सेवा करतो, त्यालाच धोका. सिलीगुडीत २००१ मध्येही बहुतेक रुग्ण रुग्णालयातील कर्मचारी किंवा भेटायला आलेले लोक होते.

मग करायचे काय?

निपाहवर मान्यताप्राप्त लस नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही या विषाणूच्या खुणा सापडल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न फक्त केरळचा म्हणून सोडता येणार नाही.

सरकारी रुग्णालयांत शुश्रूषेचा मोठा भार नातेवाईकच उचलतात. त्यांना 'गर्दी करू नका' असे दटावून भागणार नाही. ताप आणि खोकला घेऊन आलेल्या प्रत्येकाला दारातच मास्क द्यावा, वेगळे बसवावे. सोबत एकच नातेवाईक ठेवावा आणि त्याला मास्क, हातमोजे रुग्णालयानेच पुरवावेत. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबलो, तर तोवर लागण होऊन गेलेली असते.

२०२३ मध्ये कोझिकोडमध्ये पुन्हा निपाह आला. संपर्कातील लोक तातडीने शोधले गेले आणि साथ ६ रुग्णांवर थांबली. ही तयारी साथ नसतानाच करून ठेवावी लागते. मास्कच्या खोक्याला फार खर्च येत नाही.