कुदळ आमची, नकाशा कोणाचा?

रस्ता खणायला आमची माणसं. पण खाली वीजवाहिनी कुठे, गॅसची पाइप कुठे, हे ठाऊक असणारे दुसरेच. कुदळ केबलवर पडली की केबल तातडीने दुरुस्त होते. भाजलेल्या मजुराचं नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावरही सापडत नाही.

जमिनीखालच्या वाहिन्या शोधून देणं हा आता व्यवसाय आहे. लोकेटर धातूची केबल, पाइप ओळखतो. प्लास्टिकच्या पाइपसाठी रडार लागतं, आणि ओल्या काळ्या मातीत तेही अडखळतं. तिथे अंदाजाने खूण न मारता हाताने चाचणी-खड्डा घ्यावा लागतो. आयटीआय झालेली आमची पोरं हे शिकू शकत नाहीत, असं कोण म्हणतो?

काही साथी म्हणतील, धंदा म्हणजे भांडवलशाही. 1938 साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच एकाची मालकी नको. चार-सहा जणांची समान वाट्याची भागीदारी हवी, आणि खणणारा मजूरही त्यात भागीदार हवा.

केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात एससी-एसटी मालकीच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. तो मागायला आपली नोंदणीच नसेल, तर दोष कुणाला द्यायचा?

आणि महापालिकांकडे आमची मागणी साधी आहे: आधी सर्व्हे, मग कुदळ. मजुराचा जीव केबलपेक्षा स्वस्त नाही.

जय भीम!