'वर', 'झाडावर' आणि इंग्रजी क्रियापद

कोलकात्याच्या बसमध्ये इंग्रजीतून बोलणारा बंगाली प्रवासी पुढच्या थांब्यावर 'गेट डाउन' करतो. मुंबईच्या बसमधला मराठी प्रवासीही तेच करतो. लंडनचा प्रवासी मात्र 'गेट ऑफ' करतो. ही चूक आपण एक तर हसण्यावारी नेतो किंवा उत्तरपत्रिकेत तांबड्या शाईने अधोरेखित करतो. पण दोन निरनिराळ्या भाषांचे भाषक परस्परांशी विचारविनिमय न करता एकाच जागी अडखळत असतील, तर त्याच्या मुळाशी निव्वळ अज्ञान नसून काही व्यवस्था असली पाहिजे. बंगालीतील 'नामा' आणि मराठीतील 'उतरणे' या दोन्ही क्रियापदांत खाली येण्याची दिशा अंतर्भूत आहे. ती इंग्रजीत नेताना 'डाउन' हाच शब्द सुचणार. इंग्रजी तेथे दिशा पाहत नाही. वाहनाशी असलेला संबंध सुटला, एवढेच पाहते.

क्रियापदाला चिकटणारे हे लहान शब्द परकीयांना सर्वांत जड जातात, हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 मधील ग्रंथामुळे रूढ झाली, आणि कावी व मॅकिन यांनी 1975 साली अशा क्रियापदांना स्वतंत्र कोश दिला. आपल्या वर्गांत मात्र अद्याप याद्या पाठ करून घेण्यापलीकडे फारसे काही होत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे, 'मेक अप फॉर' म्हणजे भरून काढणे. विद्यार्थी तीन शब्दांचा एक अखंड गोळा गिळतो, आणि परीक्षा संपताच तो विसरतो.

वस्तुतः या गोळ्यातील दोन लहान शब्दांची कामे अगदी भिन्न आहेत. 'पुट अप विथ' मधील 'अप' क्रियापदाचा सोबती आहे. तो धातूचा अर्थ पालटतो. 'विथ' पुढे येणाऱ्या नामाचा सोबती आहे. जे सहन करावयाचे त्याच्याशी तो वाक्याचा सांधा जुळवितो. हा भेद मराठी शाळेतील मुलाला नवा नाही. 'तो वर चढला' यातील 'वर' क्रियाविशेषण अव्यय आणि 'तो झाडावर चढला' यातील 'वर' शब्दयोगी अव्यय, हे तो लहानपणी शिकलेला असतो. एक सुटे लिहावयाचे आणि दुसरे नामाला जोडून, हेही त्याला ठाऊक असते. बंगालीतही 'उपरे ओठा' आणि 'गाछेर उपरे ओठा' यांत षष्ठीचा प्रत्यय तोच भेद दाखवितो. इंग्रजीत 'रॅन अप अ हिल' आणि 'रॅन अप अ बिल' ही वाक्ये वरकरणी सारखी दिसतात. पण टेकडीचा 'अप' नामाला बांधलेला आहे, आणि बिलाचा 'अप' नामाच्या पलीकडेही जाऊ शकतो: 'रॅन द बिल अप'. एवढे उमगल्यावर अर्धी यादी अनावश्यक ठरते.

संस्कृतच्या अभ्यासकाला तर येथे जुनी ओळख पटावी. आहार, विहार, प्रहार, संहार यांत 'हृ' धातूचा अर्थ उपसर्गाने कसा पालटतो, हे आपण सांगत आलो आहोत. पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी ठेविले. परंतु वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये अन्य शब्द घेऊन दूरही राहतात, हेही त्याने लगेच सांगितले. त्यापुढेच त्याने 'कर्मप्रवचनीय' ही निराळी संज्ञा योजिली. 'प्रति', 'अनु', 'परि' हेच शब्द जेव्हा धातूला न लागता नामाच्या विभक्तीवर अधिकार चालवितात, तेव्हा ते कर्मप्रवचनीय होतात. 'वृक्षं प्रति' यातील 'प्रति' असा आहे. शब्द एक, कामे दोन: इंग्रजी 'अप'चे कोडे याहून निराळे नाही.

पुढे आपल्या भाषांत उपसर्ग धातूत विरघळून गेले. 'उपविशति'चे 'बसणे' झाले, 'आनयति'चे 'आणणे' झाले. बंगालीतील 'बसा' आणि 'आना' यांचेही कुळ तेच. त्यांतले 'उप' आणि 'आ' आता कोणाच्या ध्यानीही येत नाहीत. मग क्रियेच्या छटा दाखविण्याचे बरेचसे काम धातूच्या उजवीकडे आलेल्या सहायकांनी उचलले: खाऊन टाकणे, झोपी जाणे, भरून काढणे, खपवून घेणे, बंगालीत 'खेये फेला', 'घुमिये पडा'. सुनीतिकुमार चट्टोपाध्यायांनी 1926 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बंगालीतील अशा संयुक्त क्रियापदांचा परामर्श घेतला आहे. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाला पूर्वप्रत्यय लागत. ते क्षीण होत गेले आणि मध्ययुगात धातूनंतरचे सुटे शब्द बळावले. दोन्हीकडे डावी बाजू ओसरली आणि उजवी भरली. साधन मात्र निराळे: इंग्रजीने दिशावाचक अव्यय घेतले, आपण दुसरा धातू घेतला.

म्हणून 'ईट अप'ला 'खाऊन टाकणे' जवळचे वाटते. पण साम्य येथेच थांबते. 'करून टाक', 'करून ठेव', 'करून घे', 'करून दे' या चार आज्ञांत काम कोणासाठी आणि कोणत्या वृत्तीने करावयाचे हे सांगितले आहे. ते सांगणारे अव्यय इंग्रजीपाशी नाही. 'वी रॅन आउट ऑफ शुगर' या वाक्यात घरातली माणसे कर्ता होतात. 'साखर संपली' किंवा 'चिनी फुरिये गेछे' यांत साखर आपणहून संपते, कोणावर बोल येत नाही. बंगाली कादंबरीतील गृहिणीचे हे वाक्य इंग्रजीमार्गे मराठीत आले, तर टंचाईचा सोशिक सूर वाटेतच हरवण्याचा धोका असतो.

प्रश्न केवळ इंग्रजीच्या गुणांचा नाही, तो येथे आहे. विल्यम केरीने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि मराठी दोन्ही शिकविल्या. त्याचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपुरास छापले गेले. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मूळ बंगालीतून मराठीत आणले. या दोन भाषांना जोडणारा सरळ रस्ता जुना आहे. आज बंगालीतून मराठीत येणारा मजकूर इंग्रजीच्या पुलावरून आला, तर त्या पुलाच्या फटी आपल्याला ठाऊक असावयास हव्यात.

'कोप अप विथ' या भारतीय प्रयोगाचेच पाहा. इंग्रजीला तेथे 'अप' नको. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांचे अनुकरण त्यात आहेच. पण 'निभावून नेणे', 'सामले नेओया' असे दुहेरी क्रियापद वापरणाऱ्या मनाला एकटे 'कोप' अपुरे वाटत असावे, असे आमचे अनुमान आहे. हा प्रयोग परीक्षेत चूकच राहील; तो बरोबर मानावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु चूक दाखविताना तिचे कारणही दाखविले, तर मराठी किंवा बंगाली माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला आपली भाषा हा अडथळा न वाटता आधार वाटेल.

तेव्हा भारतीय भाषांच्या विभागांनी दोन गोष्टी कराव्यात. इंग्रजी–मराठी आणि इंग्रजी–बंगाली कोशांत अशा क्रियापदांना स्वतंत्र नोंद द्यावी, आणि कोणता शब्द धातूचा व कोणता नामाचा हे प्रत्येक नोंदीत दर्शवावे. त्यासमोर नुसता अर्थ न देता आपल्याकडील संयुक्त क्रियापद आणि त्याची विभक्ती द्यावी: 'गेट ऑन विथ' याला '-शी पटणे', 'लुक फॉरवर्ड टू' याला '-कडे डोळे लावून बसणे'. इंग्रजी विभागांना हे काम आपले वाटणार नाही, कारण त्यासाठी मराठी आणि बंगाली यावी लागते. ते आपलेच आहे.